ज्ञानदानंदिनी देवींचे पोलके

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तीत शिवणवर्गातर्फे तुम्ही काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी जरा संकोचलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात कात्री असली की मला धीर असतो. लेखणी धरली की बोटे अवघडतात. पण वर्गात नव्याने येणाऱ्या भगिनी दर वर्षी मला एक प्रश्न हमखास विचारतात. ब्लाऊज अंगात नीट बसावे म्हणून एवढा खटाटोप कशाला? दुकानात तयार मिळते, शिंप्याकडे टाकले तरी चार दिवसांत येते. मग आपणच मापे घ्या, कागद कापा, कच्चे धावदोरे घाला, उसवा, पुन्हा घाला, हे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर टेपने मोजून देता येत नाही. म्हणून आज मी एका बाईची जीवनकथा सांगते. ती बाई बंगालची. पण तिच्या आयुष्याची मोठी वर्षे आपल्या मुंबई इलाख्यात गेली, आणि आज आपण ज्या तऱ्हेने साडी नेसतो व खाली परकर आणि वर पोलके घालतो, त्या तऱ्हेची वाट पाडणाऱ्यांत तिचे नाव पुढे घेतले जाते. तिचे नाव ज्ञानदानंदिनी देवी. कविवर्य रवींद्रनाथ टागोरांच्या त्या थोरल्या भावजय. ज्यांना आपण टागोर म्हणतो त्या घराण्याचे बंगालीतले नाव ठाकूर.

ज्ञानदानंदिनींचा जन्म १८५० साली जेसोर भागातल्या नरेंद्रपूर गावी झाला. आता तो भाग बांगलादेशात आहे. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकुरांच्या वाड्यात सून म्हणून आल्या. सासरे देवेंद्रनाथ ठाकूर. ब्राह्म समाजाचे ते मोठे पुढारी, आणि लोक त्यांना महर्षी म्हणत. घर श्रीमंत, नोकरचाकर पुष्कळ, पण पडदा कडक. घरातल्या लेकीसुनांनी बाहेरच्या चौकात पाऊल टाकायचे नाही. कोठे जायचेच झाले तर झाकलेल्या पालखीतून.

आता वेषाचे ऐका. त्या काळी बंगालमधल्या घरंदाज बायका घरात एक साडी नेसत, आणि बहुधा तेवढेच. आत परकर नाही, अंगात पोलके नाही. साडी तलम असली तर विचारायलाच नको. जनानखान्यात परका पुरुष यायचाच नाही, तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटत नसे. वाईट चालीची म्हणून ती रीत नव्हती; घराबाहेर पडायचेच नाही हे गृहीत धरून ती पडली होती. मला वाटते, त्या एका साडीने जेवढे दार बंद केले तेवढे दरवानानेही केले नसेल. अंगावर बाहेर नेसण्याजोगे वस्त्रच नाही, तर बाई उंबरठा ओलांडणार कशी?

यजमान सत्येंद्रनाथ हे देवेंद्रनाथांचे दुसरे चिरंजीव. लग्नाच्या वेळी तेही वयाने लहानच होते. स्त्रियांनी मोकळे व्हावे असे त्यांना फार वाटे. त्यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. मनमोहन घोष नावाचा त्यांचा जिवलग मित्र. त्याला मित्राची बायको बघायची होती. पण बघणार कशी? तेव्हा एका रात्री सत्येंद्रनाथांनी त्याला अंधारातून चोरपावलांनी आत आणले आणि आपल्याच पलंगावरच्या मच्छरदाणीत नेऊन बसवले. एका बाजूला घुंघटातली लहानगी बायको, दुसऱ्या बाजूला घाबरलेला मित्र. दोघेही गप्प. थोड्या वेळाने आला तसा पावले न वाजवता तो परत गेला. आज हसू येते. पण त्या मुलीच्या जागी स्वतःला बसवून पाहिले की हसू मावळते.

१८६२ साली हे दोघे मित्र विलायतेला गेले. सत्येंद्रनाथ १८६३ साली सनदी नोकरीच्या, म्हणजे आय.सी.एस.च्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. विलायतेहून ते पत्नीला पत्रांवर पत्रे लिहीत. तिने तिकडे यावे, शिकावे, जग बघावे अशी त्यांची इच्छा. महर्षींनी परवानगी दिली नाही. मग घरीच शिक्षण सुरू झाले. धाकटे दीर हेमेंद्रनाथ घरच्या मुलीसुनांना शिकवायला बसत, आणि या सूनबाई डोक्यावरून पदर ओढून धडा घेत. शिकण्याची हौस मात्र पदराआड लपली नाही. बारा-तेरा वर्षांची पोर जे मिळेल ते वाचू लागली.

१८६४ साली सत्येंद्रनाथ परत आले आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. या वेळी त्यांनी पत्नीला बरोबर न्यायचेच ठरवले. आणि येथेच पहिली अडचण उभी राहिली ती कपड्यांची. एका साडीवर बोटीत चढणार कशी, परक्या गावात लोकांपुढे येणार कशी? सत्येंद्रनाथांनी एका फ्रेंच दुकानाकडून तिच्यासाठी पौर्वात्य थाटाचा म्हणून एक पोषाख करवून घेतला. पोषाख आला, भारीही होता, पण इतका अवघड की तो एकटीने अंगात चढवणे तिला जमेना. दर वेळी नवऱ्याने मदत करावी तेव्हा ती तयार होणार.

मी शिवणकाम करणारी बाई. हे वाचले तेव्हा माझे हात थांबले. विचार करा, पैसा पुष्कळ, दुकान नामांकित, नवऱ्याची माया खरी, आणि तरीही कपडा फुकट गेला. कारण तो जिच्या अंगावर जायचा होता तिच्या दिवसाशी त्याची गाठच पडली नव्हती. ती कशी उठते, कशी बसते, कोणत्या हाताने काय करते, याचा हिशेब त्या शिवणीत नव्हता. जो कपडा बाईला आपला आपण घालता येत नाही, तो कितीही उंची असो, तो तिला कोणाच्या तरी हातावर अवलंबूनच ठेवतो. पडदा सुटला तरी परस्वाधीनपण सुटले नाही.

निघण्याच्या दिवशीही एक अडचण होतीच. घरची सून चारचौघांदेखत बाहेरच्या चौकातून चालत गाडीपर्यंत जाणार, हे घरच्यांना मानवेना. शेवटी पालखीत बसवून तिला बोटीपर्यंत पोचवण्यात आले. तेव्हा कलकत्ता-मुंबई सलग रेल्वे झाली नव्हती. ती १८७० साली झाली. म्हणून हा प्रवास समुद्रमार्गे.

मुंबईला ही दोघे माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी काही महिने राहिली. माणेकजी हे मुलींच्या शिक्षणाचे मोठे कैवारी. १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा त्यांनीच काढली. त्यांच्या लेकी शिकलेल्या, पाहुण्यांत मोकळेपणी वावरणाऱ्या. चौदा वर्षांची, कोणापुढे तोंड न उघडणारी बंगाली सून त्या घरात आली. तिने काय केले असेल? ती बघत राहिली. पारशी बायका साडी नेसतात ती कशी, निऱ्या कोठे घेतात, आत काय घालतात, वर पोलके कसे बेतलेले असते, चालताना साडी पायांत का येत नाही. फ्रेंच दुकानाने जे साधले नाही ते या शेजारच्या बायकांच्या रोजच्या वापरात तिला सापडले.

पण तिने जसेच्या तसे उचलले नाही, आणि मला तिचे कौतुक वाटते ते येथेच. पारशी तऱ्हेत पदर उजव्या खांद्यावर येई. ज्ञानदानंदिनींनी तो डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहिला. पाहुण्यांशी हात मिळवायचा, काही द्यायचे-घ्यायचे, तर पदर आवरत बसायला नको. साडीच्या आत शेमीज आणि परकर, वर अंगाबरोबर बेतलेले पोलके, ज्याला तिकडे जाकीट म्हणत, पायात मोजे आणि बूट. असा तो वेष ठरला. बंगालमध्ये त्याला मुंबईची तऱ्हा म्हणून ओळखू लागले, आणि ब्राह्म समाजाच्या स्त्रियांनी तो उचलला म्हणून ब्राह्मिका साडी असेही नाव पडले.

भगिनींनो, उजवा हात मोकळा हवा, एवढ्या एका गरजेतून वेष बदलला. आपल्या वर्गात मी मुंढ्याविषयी एवढे का बोलते ते आता तुमच्या लक्षात येईल. काखेत ब्लाऊज काचते म्हणून पुष्कळजणी मुंढा खोल कापून घेतात. वाटते की त्याने हात सैल होईल. होते उलटेच. मुंढा खाली उतरला की हात वर करताना बाहीबरोबर सगळे ब्लाऊज वर ओढले जाते, पोट उघडे पडते आणि खांद्यावर चुण्या येतात. मुंढा काखेला लागून, पण न रुतता, नीट वर बसला तर हात फळीवरच्या डब्यापर्यंत जातो आणि ब्लाऊज जागचे हलत नाही. बाहीचा वरचा गोलवाही फार उंच घेऊ नये. उंच गोलवा हात खाली असताना सुबक दिसतो, हात उचलला की ओढतो. पूजेला बसणारीचा, पोळ्या लाटणारीचा आणि बसमधली दांडी धरून उभी राहणारीचा हात कसा चालतो ते पाहूनच बाही बेतायची असते.

पुढे १८६६ साली ज्ञानदानंदिनी कलकत्त्याला परतल्या. ज्या घरातून पालखीत बसून गेल्या त्याच घरासमोर त्या गाडीतून सर्वांदेखत उतरल्या. घरात त्या दिवशी जणू सुतक आल्यासारखी रडारड झाली. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्याकडील समारंभाला त्या यजमानांबरोबर गेल्या. बंगाली घरची स्त्री असल्या ठिकाणी येईल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. काहींना तर त्या भोपाळच्या बेगमसाहेबा वाटल्या. त्यांच्याच भाऊबंदांपैकी प्रसन्नकुमार ठाकूर तेथे आले होते. आपल्या घराण्याची सून अशी उघड समारंभात पाहून ते लाजेने आणि संतापाने निघून गेले.

घरातही वाळीत टाकल्यासारखे दिवस त्यांनी काढले. सगळ्याजणी त्यांच्याशी मोकळेपणी बोलत नसत, त्यांच्याबरोबर जेवायला बसत नसत. पण कपड्याची गोष्ट वेगळी ठरली. खुद्द महर्षींना घरच्या मुलींच्या वेषाची काळजी होती. शिंपी बोलावून ते मुलींसाठी निरनिराळे पोषाख करवून बघत, पण मनासारखे काही होत नव्हते. सूनबाईंनी मुंबईहून आणलेली तऱ्हा त्यांनी पाहिली आणि ती त्यांना पसंत पडली. सासऱ्यांचा विरोध सुनेच्या बाहेर जाण्याला होता, तिच्या वेषातल्या शालीनतेला नव्हता. हळूहळू नणंदा आणि जावा तशी साडी नेसू लागल्या.

यानंतर ज्ञानदानंदिनींनी जे केले ते मला सर्वांत मोठे वाटते. बंगालमध्ये बायकांसाठी 'बामाबोधिनी पत्रिका' नावाचे मासिक निघत असे. त्यात त्यांनी जाहिरात दिली की ज्यांना ही साडी नेसण्याची रीत शिकायची असेल त्यांना आपण शिकवू. एवढ्या बड्या घरची, कलेक्टर-जज्जांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पत्नी, आपले शिकलेले आपल्यापाशी न ठेवता चार बायकांना बोलावून शिकवते. विहारीलाल गुप्त या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्यांच्या पत्नी सौदामिनी त्यांच्या पहिल्या शिष्यांपैकी होत्या, असे सांगतात. आपल्या मंडळाचा शिवणवर्ग दुसरे काय करतो? एकीने दुसरीला शिकवावे, दुसरीने तिसरीला.

ठाकूर घराण्यातील स्त्रियांची त्या काळची छायाचित्रे पाहाल तर जाकिटांचा थाट दिसेल. गळा बंद, कॉलर उभी, बाही लांब, कडेला झालर आणि लेस. आपल्याला आज ते उकाड्याचे वाटेल. मी मात्र ती चित्रे बघते तेव्हा माझी नजर शिवणींवर जाते. आमच्या आजीची खणाची चोळी पुढे गाठ मारायची असे. अंग भरले तर गाठ जरा सैल, उतरले तर जरा घट्ट. माप त्या गाठीतच होते. जाकिटाला बटणे आली, आपल्या ब्लाऊजला हुक आले, आणि गाठीचे ते काम कात्रीवर पडले. हुक सैल-घट्ट होत नाही. म्हणून आता माप आधी घ्यावे लागते, आणि ते स्वतःच्याच अंगाचे घ्यावे लागते.

पुढच्या काळात यजमानांच्या बदल्यांबरोबर ज्ञानदानंदिनी आपल्या बाजूस पुष्कळ हिंडल्या. पहिले मूल त्यांच्या हाती लागले नाही. मग १८७२ साली पुण्यास सुरेंद्रनाथ झाले आणि १८७३ साली विजापूरकडे असताना इंदिरा. पुढे सिंधमध्ये कवींद्रनाथ झाले. जी मुलगी मच्छरदाणीत तोंड लपवून बसली होती, ती आता परमुलखात, परभाषेत, तीन मुलांचा संसार करीत होती.

आणि १८७७ साली त्या विलायतेला निघाल्या. यजमानांना लगेच रजा मिळण्याजोगी नव्हती. तीन लहान मुले बरोबर, पोटात चौथे, जवळ नवरा नाही, इंग्रजीही जेमतेम. अशा स्थितीत सत्तावीस वर्षांची ही बाई बोटीत चढली. त्या काळच्या बायकांना सोडा, आज आपल्यापैकी किती जणी धजतील? तेथे त्यांना मोठे दुःख भोगावे लागले. पोटातले बाळ जगले नाही आणि धाकटा कवींद्रही तिकडेच गेला. परक्या देशात दोन लेकरे गमावून राहिलेल्या दोघांना घेऊन ती माउली उभी राहिली. १८७८ साली सत्येंद्रनाथ तेथे पोचले आणि त्यांच्याबरोबर सतरा वर्षांचे रवींद्रनाथही होते. समुद्रकाठच्या ब्रायटन गावी वहिनींच्या घरात आणि मुलांच्या खेळात त्या दिराचे पहिले दिवस गेले.

परत आल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८८५ साली त्यांनी मुलांसाठी 'बालक' नावाचे मासिक काढले. त्यातले पुष्कळसे लेखन रवींद्रनाथांनी केले. मुलांसाठी त्यांनी स्वतः नाटुकलीही लिहिली. रवींद्रनाथांचे लग्न झाले तेव्हा नवी सून मृणालिनी अगदी लहान होती. तिला शिकवण्याची, वागण्याबोलण्याची रीत लावण्याची जबाबदारी ज्ञानदानंदिनींनी घेतली. 'राजा ओ रानी' या रवींद्रनाथांच्या नाटकात त्यांनी दिरासमोर राणीची भूमिका केली, तेव्हा वर्तमानपत्रात टीकाही झाली. टीकेची त्यांना तोवर सवय झाली होती.

सत्येंद्रनाथ १८९७ साली आपल्या साताऱ्याहून जज्ज म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांची नोकरी या इलाख्यात झाली. त्यांना मराठीची गोडी लागली होती, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले आणि मुंबईकडच्या जीवनावर 'बोम्बाइ चित्र' हे पुस्तक लिहिले. उतारवयात हे कुटुंब रांचीला मोराबादी टेकडीच्या परिसरात राहू लागले. १९२३ साली सत्येंद्रनाथ वारले. ज्ञानदानंदिनी त्यानंतरही बरीच वर्षे होत्या. १९४१ साली ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ गेले आणि त्याच वर्षी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, वहिनींनीही देह ठेवला. त्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी लेक इंदिरादेवींनी लिहून घेतल्या, त्या 'पुरातनी' या नावाने प्रसिद्ध झाल्या. इंदिरादेवी स्वतः मोठ्या विदुषी झाल्या आणि १९५६ साली शांतिनिकेतनच्या विश्वभारतीच्या काही काळ कुलगुरू होत्या. आईने एक उंबरठा ओलांडला म्हणजे लेक कोठवर जाते ते पाहा.

आता वर्गातली एक गोष्ट सांगते. एक भगिनी आमच्याकडे यायची ती दारात उभी राहून बघून परत जायची. लहानपणी पडल्यामुळे तिचा उजवा खांदा उतरलेला. कोणतेही ब्लाऊज घातले तरी उजवीकडचा गळा घसरायचा. सारखा पदर सावरत राहायचे, म्हणून तिने लग्नकार्यांना जाणेच सोडले होते. घरच्यांना वाटे की ती माणूसघाणी आहे. आम्ही तिची दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी घेतली. एरवी आपण कापड दुहेरी घडी घालून कापतो; तिचे एकेरी पसरून डावा भाग वेगळा आणि उजवा भाग वेगळा कापला. उजवीकडे खांद्याचा उतार अर्धा इंच खाली घेतला आणि मुंढ्याचा तळही तेवढाच खाली नेला, म्हणजे मुंढ्याचे माप बिघडले नाही. जुन्या धोतराच्या कापडाचे कच्चे ब्लाऊज आधी करून पाहिले. ते तिने अंगात घातले, हात वर नेला, खाली आणला, वाकून पाहिले. गळा जागचा हलला नाही. त्यानंतरच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला ती सर्वांच्या आधी आली होती आणि अत्तरगुलाब तिने लावले, उजव्या हाताने.

म्हणून नव्या भगिनींना मी चार गोष्टी सांगते. सुती कापड आणि अस्तर कापण्यापूर्वी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटेल आणि वरचे कापड फुगेल. छातीचे माप घेऊन ते चार सारख्या भागांत वाटू नका. पुढून भरलेल्या बाईला पुढचा भाग मोठा लागतो, पाठीने रुंद असणारीला मागचा. काखेपासून काखेपर्यंत पुढचे आणि मागचे माप वेगळे घ्या. टक्सचे टोक उभारापर्यंत नेऊ नका, अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबवा, म्हणजे टोक बोचत नाही आणि गोलाई आपोआप येते. बाजूच्या शिवणीत इंचभर कापड आत राखून ठेवा; बाळंतपण, आजारपण, वय, अंग बदलतच असते, आणि त्यासाठी नवे कापड घेण्याची किंवा स्वतःला बोल लावण्याची गरज नाही. आणि कच्चा धावदोरा घालून झाला की आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. बसा, वाका, हात वर करा, दिवसभर जे जे करता ते करून बघा.

अंगाला शोभणारे ब्लाऊज म्हणजे कोणाचे लक्ष वेधण्यासाठी घातलेले ब्लाऊज, असा पुष्कळांचा समज असतो. मला तसे वाटत नाही. जे घातल्यावर आपले स्वतःचे लक्ष त्याच्याकडे जात नाही, सारखे ओढावे लागत नाही, झाकावे लागत नाही, ते शोभणारे. मग चित्त कामात राहते, बोलण्यात राहते, समोरच्या माणसात राहते. ज्ञानदानंदिनी देवी साता समुद्रांपलीकडे गेल्या, लेकरांचे दुःख सोसून उभ्या राहिल्या, मासिक काढले, चारजणींना शिकवले. या सगळ्याच्या आधी त्यांनी एक साधी गोष्ट करून घेतली होती. आपल्याला आपल्या हाताने चढवता येईल आणि ज्यात आपला हात चालेल असा वेष त्यांनी स्वतः पाहून, पारखून ठरवला.

आपल्या मंडळाच्या खोलीत दोन शिलाई यंत्रे आहेत आणि कात्र्या पुरेशा आहेत. टेप प्रत्येकीने आपला आणावा.